गुळणीवाल्या डॉक्टरला माझे प्रश्न

आधी चहा घ्या. मी एकदा सांगायला लागलो की तुमचा चहा गार होणार आणि माझी अब्रू जाणार. अब्रू तशी कधीचीच गेलीय म्हणा, पण तुम्ही नवीन आहात, तुमच्यासमोर अजून एकदा जाऊ दे.

ते मेडिकल ट्रान्सक्रिप्शनचे दिवस होते. आठवतंय? आमच्या अंबरनाथ-उल्हासनगरात जो उठेल तो त्याचा कोर्स करत होता. काम सोपं. अमेरिकेतला डॉक्टर दिवसभर पेशंट तपासणार आणि संध्याकाळी प्रत्येकाची हकीकत मशीनमध्ये बोलून ठेवणार. ती बडबड आपल्याकडे सकाळी पोचणार. आपण कानाला हेडफोन लावायचा, पायाखालचं पेडल दाबत ऐकायचं आणि टाइप करायचं.

आमचं सेंटर उल्हासनगरच्या कॅम्प पाचला, जीन्सच्या कारखान्याच्या वरच्या मजल्यावर. दोन्हीचे मालक एकच. त्यांना सगळे साईं म्हणायचे. खालची पोरं पेडल मारून पँटी शिवायची आणि वर आम्ही पेडल मारून अमेरिकेची दुखणी. खाली सगळ्या मशीन एकदम सुरू झाल्या की आमच्या टेबलावरचा चहा थरथरायचा. साईंना दोन्ही धंद्यांत काही फरक वाटत नव्हता. "माल साफ चाहिये, टाइम पे चाहिये, बस्स," एवढंच त्यांचं धोरण.

आमच्या कामात एक मोठा नियम होता. डॉक्टरचा शब्द कळला नाही तर अंदाजाने ठोकायचा नाही. तिथे जागा मोकळी सोडायची, तिला ब्लँक म्हणायचे. फारच अडलं तर खाली डॉक्टरसाठी एक प्रश्न लिहायचा. दिवसाला एखादा प्रश्न झाला तर झाला.

आता मी कोण? मी एम.ए. इंग्लिश! सेकंड क्लास, पण तोंड फर्स्ट क्लासचं. मला ब्लँक सोडणं म्हणजे कमीपणा वाटायचा. आणि कॉमा हा माझा जीव की प्राण. लोक जेवणात मीठ घालतात तसा मी कॉमा घालायचो. दुसऱ्याच्या रिपोर्टात कॉमा दिसला नाही तर माझा घास घशाखाली उतरत नसे. साईं मला प्रोफेसर म्हणायचे. ते चेष्टेने म्हणतात हे मला सोडून सगळ्यांना माहीत होतं.

तर त्या महिन्यात क्यूएची जागा निघाली. क्यूए म्हणजे दुसऱ्यांचे रिपोर्ट तपासणारा. त्याला वेगळं टेबल, फिरती खुर्ची आणि बरोबर एसीखाली जागा. मला ती खुर्ची हवीच होती, आणि माझ्यापेक्षा जास्त आमच्या पप्पांना. पप्पा अंबरनाथ एमआयडीसीत केमिकल कंपनीत ऑपरेटर. उभा जन्म दुसऱ्याने सांगितलेले व्हॉल्व्ह फिरवण्यात गेला. ते मला म्हणायचे, "दुसरा बोलणार आणि तू टाइप करणार, यात काय शिकलास रे? तपासणारा हो. आपल्या घरात आजवर कुणी तपासणारा झाला नाही."

खोटं कशाला सांगू? त्या खुर्चीसाठी मी काहीही करायला तयार होतो. आणि केलंच!

स्पर्धेत मी आणि सुलभा. सुलभा बदलापूरची, बी.एस्सी., आणि जीभ अशी की खालच्या कारखान्यात कापड कापायला द्यावी. ती खुशाल ब्लँक सोडायची आणि डबा खायला मोकळी व्हायची.

तेवढ्यात साईंना एक नवा डॉक्टर मिळाला. देवा! हा माणूस बोलायचा की गुळण्या करायचा? तोंडात सतत काहीतरी चघळत असायचा. एका दमात चार ओळी, मधे ना श्वास ना विराम. बाकीचे डॉक्टर "कॉमा", "फुलस्टॉप" असं तोंडाने सांगतात तरी. हा काही सांगत नसे. आम्ही त्याचं नाव गुळणीवाला ठेवलं. सगळे त्याच्या फाइलला हात लावायला घाबरायचे.

मी म्हटलं, "साईं, हा मला द्या."

"पक्का, प्रोफेसर? क्लायंट गेला नाय पायजे हां."

"क्लायंट माझं नाव काढेल!"

काढलं की हो पुढे. ऐका.

मी त्याला प्रश्न विचारायला सुरुवात केली. पहिल्या दिवशी दोन, नंतर सात, नंतर रिपोर्ट एक पान आणि प्रश्न दीड पान! "डॉक्टरसाहेब, गुडघ्यानंतर तुम्ही थांबलात, तो कॉमा समजू की आपण घास गिळलात?" "साहेब, कालच्या आणि आजच्या वाक्यात विरामाचं धोरण वेगळं दिसतं. नक्की कुठलं पाळू?" एकदा तर मी त्याला अर्धविरामाचे फायदे समजावून सांगितले. फुकट!

सुलभा म्हणाली, "अरे, तो हाडांचा डॉक्टर आहे, तुझा विद्यार्थी नाय. ब्लँक सोड आणि पुढे जा ना!"

"तुम्हा लोकांना क्वालिटी कळत नाही."

"आणि तो एकाला तरी उत्तर देतो का?"

देत नव्हता. पण त्याचा अर्थ मी काय लावला असेल? की तो अंतर्मुख झालाय! घरी पप्पांना सांगितलं, अमेरिकेतला डॉक्टर माझे प्रश्न वाचून विचारात पडतो. पप्पांनी ते रविवारी विहारात सांगितलं. सोमवारी शेजारचे जाधवकाका पाठीच्या एक्स-रेचा रिपोर्ट घेऊन हजर. मी तो नीट वाचला आणि म्हटलं, "काका, इथे कॉमा हवा होता." काका बिचारे घाबरले. म्हणाले, "ऑपरेशन लागेल का रे?"

आणि मग ती फाइल आली.

सुरुवातीला नेहमीसारखी गुळगुळ. कुणाचातरी गुडघा, कुणाचातरी खांदा. मग डॉक्टर थांबला, त्याने तोंडातलं काहीतरी गिळलं, घसा साफ केला आणि म्हणाला, "आता शेवटचा पेशंट." आणि काय सांगू, आवाज एकदम स्वच्छ! एकेक शब्द सावकाश, मोजून मापून. मी मनात म्हटलं, बघा, सुधारला! माझ्या प्रश्नांचा परिणाम!

डॉक्टर सांगत होता: "पेशंट प्रौढ पुरुष असावा. प्रत्यक्ष तपासणी शक्य नाही, कारण तो फार दूर राहतो. मुख्य तक्रार: याला जिथे काही नाही तिथे कॉमे दिसतात. दिवसभर अनोळखी माणसांना प्रश्न विचारत राहतो. उत्तर मिळालं नाही तर अजून विचारतो. आपल्याला आजार आहे याची त्याला जाणीव नाही. आजार जुनाट आहे. उपचार: कीबोर्डपासून दूर ठेवावे, रोज एक ब्लँक सोडण्याचा सराव द्यावा. घरच्यांना धीर द्यावा."

तुम्ही हसताय. तुम्हाला कळलं. कुणालाही कळलं असतं! पण आमच्या कामात एक गंमत असते. शब्द कानातून शिरतात ते थेट बोटांत उतरतात, वाटेत डोक्यात थांबतच नाहीत. आणि माझ्या डोक्यात थांबायला जागा तरी कुठे होती? तिथे आधीच फिरती खुर्ची ठेवलेली!

उलट मी हळहळलो. हेडफोन काढून म्हटलं, "सुलभा, अमेरिकेत कसले कसले आजार असतात गं! एका माणसाला सगळीकडे कॉमे दिसतात."

तिने माझ्याकडे नीट बघितलं. मग म्हणाली, "खरंच? अजून काय होतं त्याला?"

"सारखा प्रश्न विचारतो. लोकांना वैताग येत असेल."

"येतो," ती म्हणाली. "नीट टाइप कर हां. काही सोडू नको."

सोडतोय कशाला! मन लावून टाइप केला. वर त्या रिपोर्टात मला त्रुटी दिसल्या! पेशंटचं नाव नाही, वय नाही, ॲलर्जीचा रकाना रिकामा. असा अर्धवट रिपोर्ट मी सोडणार? खाली प्रश्न लिहिले: "साहेब, पेशंटचं नाव काय? वय काय? कशाची ॲलर्जी आहे? हा आजार आनुवंशिक आहे का, हेही कळवावे." आणि दिला पाठवून.

घरी जेवताना मी त्या पेशंटची गोष्ट सांगितली. पप्पांचा हातातला घास तसाच राहिला. "बिचारा! त्याच्या आईबापाला काय वाटत असेल," म्हणाले. दुसऱ्या दिवशी वंदनेला बसले तेव्हा त्यांनी त्या अनोळखी अमेरिकन माणसासाठीसुद्धा मंगलकामना केली. मी स्वतः पाहिलं.

दोन दिवसांनी साईं जिना चढून धापा टाकत वर आले. चेहरा उजळलेला. "प्रोफेसर! कमाल केली! गुळणीवाल्याचा जवाब आला! ऑडिओ भेजा है, खास तुझ्यासाठी. आजपर्यंत कुठल्या डॉक्टरने जवाब दिला नाय. आता सगळ्यांसमोर लावू, आणि क्यूएचं पण आजच सांगून टाकतो."

मी शर्टाची वरची गुंडी लावली. सकाळीच पप्पांनी पेढ्यांचा पुडा हातात दिला होता, "असू दे जवळ, कधी लागेल सांगता येत नाही," म्हणून. तो मी टेबलावर काढून ठेवला. काय ही घाई!

साईंनी काँप्युटरला मोठे स्पीकर जोडले. पंधरावीस माणसं गोळा झाली, खालच्या कारखान्याचे मास्टरपण आले. अमेरिकन इंग्रजी सगळ्यांना कळत नसे, म्हणून साईं म्हणाले, "प्रोफेसर, तू एकेक वाक्य सांग मराठीत. सबको समझना चाहिये, आपला माणूस काय चीज आहे."

मी घसा साफ केला. सुलभा सगळ्यांत पुढे स्टूल ओढून बसली होती, हे मला तेव्हाच खटकायला हवं होतं.

डॉक्टर बोलला. मी मोठ्या आवाजात सांगितलं, "डॉक्टर म्हणतात, त्या शेवटच्या पेशंटबद्दल तुमचे प्रश्न मिळाले. ते वाचून मी खुर्चीवरून पडता पडता वाचलो."

"वाह!" साईं म्हणाले. टाळ्या झाल्या.

"डॉक्टर म्हणतात, ते प्रश्न मी आमच्या सगळ्या नर्सना वाचून दाखवले."

पुन्हा टाळ्या.

"डॉक्टर म्हणतात, पेशंटच्या नावाच्या जागी..." आणि इथे माझ्या डोक्यात पहिल्यांदा काहीतरी शिरलं. "...नावाच्या जागी..."

"आगे बोल ना!"

"...हे टाइप करणाऱ्याने स्वतःचं नाव लिहावं."

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. ऑडिओ मात्र थांबायला तयार नाही! डॉक्टर बोलतोय आणि साईं मला कोपराने ढोसतायत. नोकरी त्यांची, सांगणं भाग. "वयही स्वतःचं टाकावं. ॲलर्जी... मोकळ्या जागेची." माझा आवाज एव्हाना पेडल सोडल्यासारखा बसला होता. "आजार आनुवंशिक आहे का ते वडिलांना विचारावं. रिपोर्ट पूर्ण करून परत पाठवावा, मला तो फ्रेम करून दवाखान्यात लावायचा आहे."

मग हास्याचा जो स्फोट झाला! खालच्या मशीन थांबल्या, पोरं जिन्यात आली. मास्टरांनी डोळे पुसत शेजारच्याला विचारलं, "मतलब बीमार कौन है?" चार बोटं माझ्याकडे वळली.

साईं हसले नाहीत. ते धंदेवाले. त्यांनी विचारलं, "क्लायंट राहिला की गेला?"

शेवटचं वाक्य बाकी होतं. तेही मीच सांगितलं: "काम चालू ठेवा, आजवर एवढं मी कधी हसलो नव्हतो."

"राहिला!" साईंनी सुटकेचा श्वास टाकला. "मग चांगलंय. सुलभा, आजपासून क्यूए तू. प्रोफेसर, तो रिपोर्ट पूरा कर, टाइम पे जायला पायजे."

मी बसलो आणि टाइप केलं. माझं नाव. माझं वय. ॲलर्जी. सुलभा फिरत्या खुर्चीत जाऊन बसली, एक गिरकी घेतली आणि तिच्या हाताखाली आलेला पहिलाच रिपोर्ट उघडला. माझा.

"बाकी सगळं बरोबर आहे," ती म्हणाली, "पेशंट ओळखीचाच आहे. पण विलास, नावाच्या पुढे एक कॉमा जास्तीचा पडलाय."

पेढे वाटले, वाटायलाच लागले. सुलभाचे म्हणून. तिने मलाही एक दिला.

संध्याकाळी शेअर रिक्षाने घरी आलो. पप्पांनी दार उघडलं, पुडा रिकामा बघितला आणि त्यांचा चेहरा फुलला. चप्पल काढायच्या निमित्ताने मी खालीच बघत राहिलो. त्यांनी ओळखलं असावं. खुर्चीचं त्यांनी काही विचारलंच नाही. पाण्याचा तांब्या हातात देऊन, मला बरं वाटावं म्हणून, विषय बदलला.

"ते जाऊ दे रे. त्या कॉमेवाल्या पेशंटचं काय झालं? बरा झाला का बिचारा?"

"नाही, पप्पा," मी म्हटलं. "घरी सोडलंय त्याला."