सर्व्हरचं घड्याळ दहा मिनिटं पुढे

फायलींच्या तारखा हा काय किस्से सांगायचा विषय आहे? पण आमच्या ऑफिसात चार वर्षांत इतके साठले, की एकदा ओकून टाकलेलेच बरे. या तारखांपायी माझा साखरपुडा मोडायची वेळ आली होती, राव!

आमची सॉफ्टवेअर पॅकेजेस एका सर्व्हरवर असत. गिऱ्हाइकांची मशीन्स तिथल्या फाइलची तारीख बघत आणि आपल्याकडच्यापेक्षा नवी असेल तरच उतरवून घेत. इतकं सोपं!

\*\*\*

आमचे साहेब जोशी, सदाशिव पेठेतले. त्यांच्या घरातली सगळी घड्याळं दहा मिनिटं पुढे, म्हणून सर्व्हरचंही पुढे!

"सर, चारला टाकलेल्या फाइलवर चार-दहाची वेळ पडते!"

"मग? उशीर तर होत नाही ना?"

मी गुपचूप घड्याळ बरोबर केलं आणि पाच मिनिटांनी त्याच फाइलची दुरुस्त आवृत्ती टाकली. ती ठरली जुनी! एकाही मशीनने घेतली नाही, आणि बोलणी मी खाल्ली.

\*\*\*

मग यवतमाळहून वैभव आला. गुणी मुलगा. त्याने सगळ्या फायली नव्या डिस्कवर कॉपी केल्या आणि प्रत्येकीवर आजची तारीख बसली. झालं, सगळी गिऱ्हाइकं सगळंच पुन्हा उतरवायला लागली. लाइन दिवसभर ठप्प!

"पण मॅडम, फायली तं साऱ्या आल्या ना जी!"

\*\*\*

लोणी काळभोरच्या एका गिऱ्हाइकाचं मशीन रोज सकाळी सगळं नव्याने उतरवायचं. आतल्या घड्याळाची बॅटरी गेल्यामुळे त्याची तारीख रोज वीस वर्षं मागे जायची, आणि आपल्याच फायली पुढच्या तारखेच्या दिसल्या की ते त्या बाद धरायचं. मी म्हटलं, बॅटरी बदला.

"मशीन चालू हाय की! तारखेला काय करायचंय?"

कपाळ बडवून घेतलं.

\*\*\*

पाडव्याचं रिलीज दोन दिवस उशिरा तयार झालं. जोशीसाहेबांनी फाइलवर पाडव्याच्या मुहूर्ताची वेळ घातली. गिऱ्हाइकांकडे पाडव्याच्या दुसऱ्या दिवशीची फाइल होती, त्यामुळे कुणी ढुंकूनही पाहिलं नाही.

"सर, कुणी घेत नाहीये!"

"मुहूर्त तर गाठला ना?"

\*\*\*

माझा साखरपुडा रविवारी, कात्रजच्या हॉलवर, मुहूर्त अकरा चाळीसचा. होणाऱ्या सासूबाईंनी बजावलं होतं, "मुहूर्त चुकला तर मी उठून जाईन." तेव्हा मोबाइल खिशात आले नव्हते. सकाळी नऊला घरी वैभवचा फोन.

"मॅडम, सर्व्हरचं घड्याळ दहा मिनिटं पुढं होतं, ते मी बरोबर केलं, अन् आता दुरुस्त फाइल कोणीच घेऊन नाही राहिलं जी!"

घड्याळ पुन्हा पुढे कुणी केलं, हे विचारायची गरजच नव्हती. साहेब तर केव्हाच हॉलकडे निघाले होते. त्यांना निरोप द्या, असं घरच्यांना सांगून मी पैठणी नेसून ऑफिसात बसले, तारखा निस्तरल्या आणि रिक्षाने सुसाट निघाले. हॉलच्या दारात मनगटावर बारा वाजून पाच मिनिटं झाली होती. रडूच यायला लागलं.

आत गुरुजी निवांत पान लावत होते. सासूबाई हॉलच्या भिंतीवरच्या घड्याळाकडे बघून म्हणाल्या, "बरं झालं, वेळेत आलीस!"

घड्याळात अकरा पस्तीस झाले होते. त्याच्या बरोबर खाली एक खुर्ची होती आणि जोशीसाहेब तिच्यावर बसून शांतपणे बूट घालत होते.

"फाइल गेली का?"

"गेली, सर."

"मग बसा पाटावर. पाच मिनिटं आहेत."