सोडा म्हणायचं राहिलं

एक्स-रे विभागात त्याला सगळे सोडासाहेब म्हणत. दारूबिरूशी त्याचा काडीचा संबंध नव्हता. बिचारा चहासुद्धा अर्धाच कप पीत असे. छातीचा एक्स-रे काढताना तो काचेमागून माइकवर म्हणे, "श्वास घ्या. रोखा. हलू नका." बटण दाबून झालं की इतक्या जोरात "सोडा!" म्हणे, की बाहेर बाकावर बसलेली माणसंही दचकत. बाकीचे तंत्रज्ञ हा शब्द कधीमधी विसरायचे, मग पेशंट गाल फुगवून उभा. सोडासाहेब सहा वर्षांत एकदाही विसरला नव्हता. लोकांना वाटे, कामाचा किती पक्का! खरं कारण त्याने सख्ख्या ताईलाही सांगितलेलं नव्हतं.

सहा वर्षांपूर्वी, नोकरीला नुकता लागला असताना, फोनवर बोलत भरधाव गाडी हाकत त्याने लाल दिवा ओलांडला आणि पायी चाललेल्या एका म्हाताऱ्याला उडवलं. उतरून धावला. म्हाताऱ्याचा चष्मा फुटला होता, डोळ्यांत कपाळावरचं रक्त उतरलं होतं. सोडासाहेबाची मतीच गुंग झाली आणि तोंडातून दिवसभर घोकलेलं तेच बाहेर पडलं, "श्वास घ्या. रोखा. हलू नका." म्हाताऱ्याने मुकाट्याने श्वास रोखला. तेवढ्यात लोक जमले, कोणीतरी ह्याची कॉलर धरून मागे ओढलं, रुग्णवाहिका आली. पुढचा शब्द राहूनच गेला.

म्हातारा वाचला. बेदरकारपणे गाडी चालवून इजा केल्याचा गुन्हा ह्याने कोर्टात कबूल केला, शिक्षा झाली, लायसन्स दोन वर्षं गेलं. "म्हाताऱ्याच्या समोर जाऊ नकोस," असं वकील म्हणाला आणि हा गेला नाही. वकिलाचं तर निमित्त. हाच भित्रा होता. कागदपत्रांतल्या दोनच गोष्टी त्याच्या डोक्यात रुतून बसल्या. डाव्या बाजूच्या तीन बरगड्या मोडल्या, आणि जखमीचा व्यवसाय घड्याळदुरुस्ती. तेव्हापासून त्याने मनगटाला घड्याळ बांधलं नाही.

आता त्याला पुढे शिकायचं होतं. किरणोपचाराचा पदव्युत्तर अभ्यासक्रम, जागा बारा, अर्ज तीनशे. चार वर्षं ड्युटी सांभाळून त्याने त्यासाठी रक्ताचं पाणी केलं होतं. अर्जातले दहा प्रश्न झटक्यात भरून झाले. अकरावा मात्र घशात अडकला. "किरकोळ वाहतूक दंड वगळता, आपण कोणत्याही गुन्ह्यात दोषी ठरला आहात काय?" खाली दोन चौकोन, होय आणि नाही. त्याखाली बारीक अक्षरांत लिहिलं होतं की 'होय' म्हटल्याने अर्ज आपोआप बाद होत नाही. पण उत्तर खोटं निघालं, तर मिळालेली पदवीही काढून घेतली जाईल.

ताई वकिलाच्या ऑफिसात टायपिंग करायची, त्यामुळे कायदा आपल्याला तोंडपाठ आहे असं तिला वाटे. "अरे, 'वाहतूक' शब्द आहे ना त्यात? तुझंही वाहतुकीचंच होतं. लिही नाही आणि हो मोकळा."

"त्याच्या आधी 'किरकोळ' आहे, ताई."

"मग किरकोळच की! जिवंत आहे ना तो माणूस? पेशंटच्या जिवाशी खेळ असलेलं शिक्षण ते. होय लिहिलंस तर पहिल्या फेरीतच उडवतील तुला. चार वर्षांचा अभ्यास काय कपाटात ठेवून पूजायचाय?"

तिचंही चुकत होतं असं नाही. बारा जागांसाठी तीनशे अर्ज चाळणाऱ्यांना गाळायला निमित्तच हवं असतं.

पण त्याच संध्याकाळी तो विचित्र प्रकार सुरू झाला. संगणकावर 'नाही'च्या चौकोनाकडे माउसचा बाण नेला की मागे कोणीतरी खोल श्वास घेतल्याचा आवाज येई. घेतल्याचा येई, सोडल्याचा येत नसे. तो वळून बघे. खुर्ची, दोरीवरचा शर्ट, बंद दार. पुढे पुढे कामावरही तसंच होऊ लागलं. एक्स-रेची खोली रिकामी असायची आणि तिथल्या माइकला जोडलेल्या काचेमागच्या स्पीकरमधून कोणीतरी श्वास घ्यायचं. सोडासाहेब मग रिकाम्या खोलीलाच "सोडा" म्हणू लागला. सहकाऱ्यांना गंमत वाटे. त्याच्या अंगावर मात्र काटा यायचा.

अर्जाची मुदत ज्या दिवशी पाचला संपणार होती, त्या दिवशी साडेचारला त्याने विभागातल्या संगणकावर डोळे मिटून 'नाही'वर खूण केली. आता 'पाठवा' एवढंच बटण दाबायचं राहिलं होतं. तेवढ्यात शेवटचा पेशंट आला, काठी टेकत. पायाच्या ऑपरेशनआधी छातीचा एक्स-रे हवा होता. सोडासाहेबाने चिठ्ठी वाचली. व्यवसाय, घड्याळदुरुस्ती.

जगात घड्याळवाले काय थोडे आहेत, असं म्हणत त्याने म्हाताऱ्याला छाती पाटीला टेकवून पाठमोरं उभं केलं आणि काचेमागे गेला. "श्वास घ्या. रोखा. हलू नका." बटण दाबलं. पडद्यावर चित्र उमटलं. डाव्या बाजूला, एकाखाली एक, तीन बरगड्यांवर जुनी मोड सांधल्याच्या गाठी.

त्याची दातखीळच बसली. भिंतीवरच्या घड्याळाचा सेकंदकाटा एक फेरा फिरला, दुसराही फिरला. म्हातारा तसाच उभा. खांदे हलत नव्हते, पाठ हलत नव्हती. श्वास न सोडता माणसाला बोलता येत नाही, हे सोडासाहेबाला कोणी शिकवायला नको होतं. तरी स्पीकरमधून आवाज आला.

"साहेब, सोडा म्हणाला नाहीत. त्या दिवशीही नव्हतात म्हणाला."

सोडासाहेब माइककडे वाकला. "आजोबा... तो मीच."

"तोंड नव्हतं दिसलं मला. पण घड्याळवाल्याचे कान आहेत हे. एकदा ऐकलेली टिकटिक विसरत नाहीत. सोडू का आता?"

"सोडा," तो म्हणाला. शब्द धड फुटलाही नाही. म्हाताऱ्याचे खांदे खाली येऊ लागले आणि किती वेळ खालीच येत राहिले. त्या एका श्वासाने मधली काच धुरकट झाली.

मग म्हातारा कडेच्या स्टुलावर बसून सावकाश शर्टाची बटणं लावू लागला. पाचला सात मिनिटं होती. सोडासाहेबाने 'नाही'ची खूण पुसली आणि 'होय'वर केली. खाली तपशिलाचा चौकोन उघडला. त्यात त्याने फोन लिहिला, लाल दिवा लिहिला, तीन बरगड्या लिहिल्या. भेटायला गेलो नाही, हे कोणी विचारलं नव्हतं, तेही लिहिलं. 'पाठवा' दाबलं. पडद्यावर छोटं चाक फिरू लागलं. चार वर्षांची मेहनत त्या चाकात होती, आणि तो श्वास रोखून, हात टेबलावर घट्ट रोवून, हलायचं नाही म्हणून सांगितल्यासारखा उभा होता.

काचेपलीकडे म्हातारा काठी टेकत उठला आणि खोलीतल्या माइकजवळ तोंड नेऊन म्हणाला, "सोडा."