अकरा गेमचं वाण

आमच्या घराण्यात संक्रांतीचं वाण परत मागायला गेलेली मी पहिली बाई. माझ्या सासूबाईंनी जन्मभर वाणं लुटली. कंगवे लुटले, गाळण्या लुटल्या, एका वर्षी तर नुसते सुईदोरे लुटले. पण दिलेली वस्तू परत आणायला त्या कधी कुणाच्या दारात उभ्या राहिल्या नाहीत. मी राहिले. तेही ओमानमध्ये, सुनेच्या गाडीतून, मांडीवर धूपदाण्यांचं खोकं घेऊन!

सगळं पहिल्यापासून सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल बाई वेडी आहे. (ऐकून झाल्यावरही म्हणालच, पण निदान किती वेडी आहे ते नीट कळेल.)

माझा मुलगा महेश मस्कतजवळ अल हैलला राहतो. सून मानसी तिथल्या एका दवाखान्यात लॅबमध्ये आहे. दर हिवाळ्यात मी तीन महिने तिकडे जाते. आमचे हे देवरुखलाच थांबतात, कारण त्यांना विमानाची भीती आणि सुपारीच्या बागेची काळजी. त्या वर्षी माझ्या नातीला, रेवाला, तेरावं लागायचं होतं. पोरीचं मराठी म्हणजे नवी चप्पल घालून चालल्यासारखं, जपून जपून. पण माझ्याशी बोलायची मराठीतच. अडखळायची, पण बोलायची.

तर वाढदिवसाला रेवाला हवं होतं कॉम्प्युटर गेम्सचं बंडल. म्हणजे एका पेटीत बारा गेम.

"बारा?" महेश म्हणाला. "बारा कशाला लागतात? एक घे, तो संपव, मग बघू."

"बाबा, ते तसं नाही वर्क होत! त्यातला ब्रिज बांधायचा गेम मला पाहिजेच आहे. तो एकटा घेतला तर इतका महाग. आणि त्याच्या डबलमध्ये सगळे बारा! बारा, बाबा!"

"आणि त्यातले दहा तू उघडूनसुद्धा बघणार नाहीस."

आता खरं तर मला यात पडायचं काही कारण नव्हतं. मला खेळ म्हणजे सागरगोटे आणि फार तर कॅरम. पण न पडेन तर ती मी कसली!

"महेश," मी म्हटलं, "तू हॉटेलात गेलास की थाळी का मागवतोस रे?"

"आई, इथे थाळीचा काय संबंध?"

"वाटीवाटीने मागवलंस तर तिप्पट बिल होतं म्हणून! आणि थाळीत कोपऱ्यात चमचाभर कोशिंबीर असते, ती कुणी आपणहून मागवत नाही. परवा तूच ती बोटं चाटून संपवलीस. तसंच आहे हे. पोरगी दुकानात ज्याला हातसुद्धा लावणार नाही, तोच गेम तिला आवडेल एखादवेळेस. आणि आज एकच घेऊन दिलास, तर पंधरा दिवसांनी दुसरा, महिन्याने तिसरा. रोजची कटकट विकत घ्यायची आहे, की एकदाच काय ते?"

रेवाने माझ्या गळ्यात हात टाकले. असा बिनतोड मुद्दा मी आयुष्यात कधी मांडला नव्हता. (दहा दिवसांनी तो मीच मोडून टाकणार होते, ही गोष्ट वेगळी.)

तरी महेशने अट घातलीच. बंडल हवं तर वाढदिवसाची पार्टी नाही. हॉल नाही, केक नाही, मैत्रिणी नाहीत. रेवाने एक दिवस विचार केला, दोनदा नाक ओढलं आणि पार्टी सोडली. शिवाय चाचणी परीक्षा संपेपर्यंत पेटी उघडायची नाही. गुरुवारी शेवटचा पेपर, शुक्रवारी सकाळी पेटी उघडायची. मग पेटी सांभाळायची कुणी?

"आई कुठेतरी ठेवेल आणि विसरेल," रेवा म्हणाली. "बाबा शॉपमध्ये परत देतील. आजी, तू ठेव. तू कुणाला नाही देणार ना?"

"मेले तरी देणार नाही!" मी म्हटलं. (हे वाक्य लक्षात ठेवा.)

नेमकं त्याच गुरुवारी संध्याकाळी आमच्याकडे हळदीकुंकू होतं. वाणासाठी मी देवरुखहून स्टीलच्या दोन डझन वाट्या घेऊन निघाले होते, पण मुंबईच्या विमानतळावर काट्याने माझ्या बॅगेला नापास केलं. वाट्या काढायच्या की कोकमं काढायची? मी कोकमं ठेवली. मला पोचवायला आलेल्या भाच्याबरोबर वाट्या घरी परतल्या. म्हणून मानसी म्हणाली, "आई, काळजी नको, कामावरून येताना सीबच्या सूकमधून, तिथल्या बाजारातून, मी काहीतरी छान घेऊन येते."

पाच वाजता बायका आल्या. अकरा जणी. मानसीचा पत्ता नाही. मी तिळगूळ दिला, हळदीकुंकू लावलं, अत्तर लावलं, गुलाबपाणी शिंपडलं. मानसीला फोन केला.

"आई, पार्किंगमध्ये अडकलेय! एकाने माझ्या मागे गाडी लावलीय आणि माणूस गायब! पंधरा मिनिटांत पोचतेच, इन्शाल्ला!"

ज्या अर्थी ती इन्शाल्ला म्हणाली, त्या अर्थी तास गेला असं समजायचं. मी परत गुलाबपाणी शिंपडलं. बायका निम्म्या भिजल्या.

आता तिकडची एक गोष्ट तुम्हाला सांगायला हवी. बायका हळदीकुंकवाला येतात नवऱ्यांच्या गाडीतून, आणि नवरे वर येत नाहीत. ते खाली गाडीत एसी लावून बसतात. म्हणजे वर अकरा सवाष्णी आणि खाली अकरा इंजिनं! अर्धा तास झाला की हॉर्न सुरू. सगळ्यांत मोठा हॉर्न सावंतभाऊजींचा. ते एका बांधकाम कंपनीत मोठे साहेब. हसलं तर पगार कापला जाईल असा चेहरा!

"काकू, निघते हं," सावंतवहिनी उठल्या. "ह्यांचा तिसरा हॉर्न झाला. चौथ्याला ते थांबत नाहीत, निघून जातात."

एक उठली तशा सगळ्याच उठल्या. सवाष्ण दारातून रिकाम्या हाताने पाठवायची? माझ्या सासूबाई देवरुखच्या फोटोतून उतरून समुद्र ओलांडून आल्या असत्या!

मी आत धावले. ताक घुसळायच्या रवीपासून महेशच्या मोज्यांपर्यंत सगळं डोळ्यांखालून घातलं. अकरा सारख्या वस्तू म्हणून घरात नव्हत्या. आणि तेवढ्यात माझ्या साड्यांखालची ती पेटी दिसली. उघडली. आत तळहाताएवढी बारा कार्डं, फोनच्या रिचार्जसारखी. पुढे रंगीत चित्र, मागे खरवडायची चंदेरी पट्टी. बारा कार्डं, अकरा बायका! देव मोजून देतो म्हणतात ते हेच!

आणि मनाला समजावायला माणसाला वेळ लागतो का? मी म्हटलं, एक तर उरतंच आहे पोरीला. शिवाय पेटी तिचीच राहते!

"अगबाई काकू, हे काय नवीन?"

"कॉम्प्युटरचा गेम! मागची पट्टी खरवडायची, नंबर टाकायचा की सुरू."

"किती मॉडर्न हो तुम्ही! नाहीतर आमच्या सासूबाई, अजून प्लास्टिकच्या चाळण्या वाटतात."

मी अशी फुलले म्हणता! आमच्या परकारभाभी दापोलीकडच्या. त्यांचा नवरा मासळीचा व्यापारी. त्यांनी मुद्दाम माशांचं चित्र निवडून घेतलं. "आमच्या साहेबांना दाखवते," म्हणाल्या, "बिनवासाचे मासे."

शेवटची गाडी गेली आणि पाच मिनिटांत मानसी धापा टाकत आली. हातात खोकं. "आई, बघा तरी, मातीच्या इतक्या गोड धूपदाण्या मिळाल्या! बायका कुठायत?"

"गेल्या. वाण देऊन पाठवल्या."

"कसलं वाण?"

मी तोंड उघडणार, तोच दार ढकलून रेवा आत आली. बॅडमिंटनची रॅकेट खांद्यावर, चेहरा टोमॅटोसारखा. "आजी! टेस्ट संपली! मी आज फक्त बॉक्स बघणार, ओपन नाही करणार. प्रॉमिस!"

मी पेटी तिच्या हातात दिली. ती फारच हलकी लागली असणार. तिने झाकण काढलं. आत एक कार्ड. त्यावर टपालाची पिशवी गळ्यात अडकवलेली गोगलगाय.

"बाकीचे?"

"अगं, वाटले. वाण म्हणून. तुझा ठेवलाय ना एक! तू तरी एका वेळी एकच खेळणार ना? एका तोंडाने कुणी बारा लाडू खातं का?"

"आणि ती थाळी गं, आई?" रेवाच्या पाठोपाठ आलेला महेश म्हणाला.

मला वाटलं पोरगी आता आरडाओरडा करेल. केला असता तर बरं झालं असतं. ती हळूच म्हणाली, "आजी, मी पार्टी सोडली. मग बॉक्स मिळाला. आणि तो मी तुला दिला. कारण तू म्हणालीस, तू कुणाला नाही देणार."

एका दमात, न अडखळता बोलली. मराठीची परीक्षा असती तर पैकीच्या पैकी! आणि मी सपशेल नापास.

"खेळून झालं की त्या परत देतील ना?" मी चाचरत विचारलं.

"आई," मानसी म्हणाली, "एकदा कुणी तो नंबर टाकला की तो गेम त्यांचा. खलास! चला, चपला घाला. यल्ला, लवकर!"

"फोन करून नंबर विचारू या का?" महेश म्हणाला.

"वाण परत मागायचं, तेही फोनवर?" आम्ही सासू-सून एकदम ओरडलो. (लग्नाला पंधरा वर्षं झाली त्याच्या. आमचं एकमत झालेलं त्याने पहिल्यांदाच पाहिलं.)

पहिलं दार परकारभाभींचं. भाभींनी पट्टी केव्हाच खरवडली होती आणि तो नंबर फोनवर दाबला होता! "अहो, मला वाटलं बोलायला पैसे येतील. एक बाई अरबीत रागावली आणि तिनं फोन ठेवला. तुमचं कार्ड खोटं निघालं हो, पण मी म्हटलं कशाला बोलून दाखवा!" नंबर वाया गेलेला नव्हता. मी धूपदाणी दिली, त्यांनी कार्ड दिलं आणि वर सुरमईचे चार तुकडे तळून दिले. वाण परत मागितल्याचं बक्षीस!

दुसरं घर देशपांड्यांचं. वहिनी दारातच गोऱ्यामोऱ्या झाल्या. "काकू, रागावू नका, पण आमच्याकडे पाहुणी होती. निघताना तिला ओटीत काय घालू, म्हणून तेच घातलं. ती पार लांब सूर गावाला निघाली, अर्धा तास झाला."

मी कोणत्या तोंडाने रागावू! मी नातीचं दिलं, त्यांनी माझं दिलं. देशपांडेवहिनींनी पाहुणीला फोन लावला, आणि धावत्या गाडीतून त्या माउलीने एकेक अक्षर वाचून दाखवलं. रेवाने ते मनगटावर लिहून घेतलं. वाण अर्ध्या ओमानची सैर करून मनगटावर परत आलं!

असं करत करत दहा गेम परत मिळाले. प्रत्येक दारात मी तेच वाक्य म्हणत होते, "जरा चूक झाली बाई माझी," आणि रेवा प्रत्येक वेळी पुटपुटत होती, "जरा नाही."

शेवटचं दार सावंतांचं. त्यांच्याकडे गेला होता पुलाचा गेम. बारातला जो एक रेवाला हवाच होता, तोच!

सावंतवहिनी ओठांवर बोट ठेवूनच बाहेर आल्या. "काकू, ह्यांनी गाडीतच कार्ड माझ्या हातातून घेतलं. म्हणाले, पूल? बघू तरी यांना काय अक्कल आहे!"

आत सावंतभाऊजी टायसकट कॉम्प्युटरपुढे बसलेले. पडद्यावर एक पूल, त्यावर ट्रक.

"भाऊजी, ते वाण जरा..."

"काकू, शू! ट्रक मधोमध आहे!"

पूल कोसळला. ट्रक पाण्यात. भाऊजींचा चेहरा असा पडला की खरा ट्रकसुद्धा इतका जोरात पडणार नाही. "खऱ्या आयुष्यात माझा एक पूल पडलेला नाही," ते म्हणाले. "चार वेळा पाडला या डब्याने!"

रेवा माझ्या मागून पुढे सरकली. "काका, मध्ये स्क्वेअर नको. ट्रँगल... त्रिकोण लाव. खाली दोन. नाही नाही, उलटे!"

भाऊजींनी आधी आठी घातली, मग त्रिकोण घातले. ट्रक निघाला. पूल डुगडुगला. ट्रक पलीकडे! आणि सावंतभाऊजी चक्क हसले.

"अगबाई!" सावंतवहिनी भिंतीला टेकल्या. "लग्नाच्या फोटोतसुद्धा नाही हो हसले!"

ही संधी साधून मी धूपदाणी पुढे केली. "मग भाऊजी, तो गेम..."

"छे! दिलेलं वाण कुणी परत घेतं का?" ते गंभीरपणे म्हणाले. बोलणं बरोबर होतं, म्हणून जास्त लागलं. मग ते रेवाकडे वळले. "बेटा, दर शुक्रवारी सकाळी ये. पूल तू बांध, मी मंजुरी देतो."

आणि ती जाऊ लागली. सावंतभाऊजी कट्टर मालवणी, त्यांना इंग्रजीत शिकवलेलं चालेना, त्यामुळे पोरगी "खांब तिरका घाल, वजन वाटून दे" असलं मराठी बोलायला लागली. घरी तिला सगळ्यांत जास्त आवडली कोण माहितीये? ती टपाल वाटणारी गोगलगाय! दुकानात कुणी ढुंकूनही पाहिली नसती. मी महेशला म्हटलं, "बघ! कोशिंबीर!" रेवाने मलाही ती खेळायला शिकवलं. माझी गोगलगाय अजून पहिल्याच घराचं दार शोधते आहे.

पुढच्या हिवाळ्यात मी गेले तेव्हा वाढदिवसाला परत बंडल आलं होतं, परत परीक्षा होती, आणि परत पेटी सांभाळायचा प्रश्न होता. मी हात पुढे केला.

"नको आजी," रेवा गोड हसून म्हणाली. "सावंतकाकांकडे ठेवलीय. त्यांच्या हातात गेलेली वस्तू परमेश्वरालासुद्धा परत मिळत नाही, असं काकू म्हणतात. तिथे सेफ आहे."

मग आत जाऊन तिने गेल्या वर्षीची ती रिकामी पेटी आणली, तिला हळदीकुंकू लावलं आणि माझ्या ओटीत घातली.

"ही तू ठेव. आणि यातलं काय वाटायचं ते सगळं वाट!"