अळणी जेवण

लिंबाच्या लोणच्याचा वास आला की मला अमेरिकेतल्या ट्रॉय गावातलं आमचं स्वयंपाकघर आठवतं, आणि ऐंशीच्या दशकातला एक जुलै. नवरा गाड्यांचे पत्रे ठोकणाऱ्या कारखान्यात इंजिनियर होता, दिवसभर पत्र्यावर धाडधाड आदळणाऱ्या प्रचंड प्रेस यंत्रांच्या शेजारी उभा. त्या आवाजामुळे कंपनी दरवर्षी त्याचे कान तपासायची. कान ठणठणीत होते. पण बीपी काही केल्या उतरत नव्हतं, झोप उडाली होती, आणि पातेल्यावर झाकण जरा जोरात पडलं तरी तो भरल्या ताटावरून उठायचा. मी सगळा दोष मिठाला दिला आणि दोन वर्षं त्याला अळणी जेवू घातलं. त्या जुलैत प्लांट दोन आठवडे बंद होता. शेवटच्या रविवारी शेजारच्या डॉक्टर वहिनी बीपी बघायला येणार होत्या आणि नेमकी त्याच सकाळी मला लोणच्याची बरणी अर्धी रिकामी सापडली. "बघाच आज, किती चढलंय ते," मी वहिनींना दारातच सांगितलं. त्यांनी पट्टा बांधला, हवा भरली, सोडली, पुन्हा भरली. "नॉर्मल आहे," त्या म्हणाल्या. "भाऊजी, वेगळं काय केलंत?" तो बाही खाली ओढत म्हणाला, "काही नाही. प्रेस बंद आहेत. एरवी घरी आल्यावरही छातीत त्यांचेच ठोके पडत असतात." दुसऱ्या दिवशी प्लांट सुरू होणार होता. आज वाटतं, तेव्हाच नोकरी सोड म्हणायला हवं होतं. मी फक्त बरणी त्याच्या ताटाजवळ सरकवली.