दोन्ही लाइनी

पोळ्याच्या आदल्या आठवड्यातला मंगळवार. हजर: शाळा विभागाचे बडेबाबू म्हणजे मुख्य कारकून, वीजमिस्त्री, शिपाईमामा आणि मी, संस्थेची कार्यालय अधीक्षक.

त्या दिवशीचं काम एकच होतं. शाळा आणि कॉलेज एका इमारतीत, पण दोघांची नेटवर्क वेगळी. कॉलेजचे परीक्षेचे कागद शाळेच्या संगणकांवर दिसता कामा नयेत. कॉलेजचं झेरॉक्स मशीन बंद पडलं, तेव्हा शाळेच्या नव्या मशीनवर दोघांनी भागवायचं ठरलं. छपाई दोन्हीकडून व्हावी, एकमेकांचं काही दिसू नये. आमच्याकडची विजेची आणि नेटची सगळी वायर याच मिस्त्रीने ओढलेली. म्हणून मी त्याच्या दुकानात कामांची चिठ्ठी पाठवली. तिसरं काम: ‘नवीन झेरॉक्स दोन्ही लाइनवर घेणे.’

आमच्याकडे लाइन म्हणजे वीज. लाइन गेली, लाइन आली, असंच बोलतात. एक फेज गेली की पंखे दुसरीवर टाकून घ्यायचे, हे घरोघरचं. त्याने तेच वाचलं. मी पोचले तेव्हा मशीनमागे दोन फेजच्या वायरी लोंबत होत्या आणि तो त्यांच्यामध्ये अदलाबदलीचं बटण बसवत होता. मला वाटलं, आधी वीज करतोय, मग नेट करेल. मी विचारलं नाही.

बडेबाबूंचे दाखले छापायचे अडले होते. ते सारखे येऊन डोकावत.

“झालं काय बे?”

“दोन मिनिटं थांबा जी. एक वायर मोकळी हाये अजून.”

“सकायपासून तुहे दोन मिनिटंच चालू हायेत. लगन लावून राह्यला का मशीनीचं?”

“लावतोच आहो जी. दोन सासरं हायेत तिले, टाइम लागते.”

शिपाईमामा खो खो हसले. बडेबाबूंना ते हसणं लागलं. ते तरातरा पॅसेजमध्ये गेले आणि मिस्त्रीने पाडून ठेवलेला मेन स्विच वर केला.

बार उडाल्यासारखा आवाज झाला. मिस्त्रीच्या हातातली पक्कड कपाटाच्या काचेवर जाऊन आपटली, तो स्वतः टेबलाखाली फेकला गेला. मशीनमधून काळा धूर. मिस्त्री उठला तेव्हा त्याचा उजवा तळवा भाजून काळा पडला होता. तो हाताकडे बघत असतानाच बडेबाबूंनी त्याच्या कानाखाली सणसणीत लगावली.

“नवी मशीन जाळली हरामखोरानं!”

“म्या नाही, तुम्ही चालू केली लाइन! कायले केली? थांबा म्हटलं ना मी!”

या प्रश्नाने बडेबाबू आणखी पेटले. खाली पडलेली नेटची वायर दुहेरी करून त्यांनी त्याच्या पाठीवर ओढायला सुरुवात केली. शिपाईमामांनी मागून बडेबाबूंना कवळ घातली, तर त्यांच्या तोंडावर कोपर बसलं. मिस्त्री वाकला, त्याची भुवई टेबलाच्या कोपऱ्यावर फुटली. रक्त डोळ्यात उतरत होतं, तरी त्याने खिशातून चिठ्ठी काढून माझ्यापुढे धरली.

“सांगा ना ताई. दोन्ही लाइनवर घेणे. तुमचंच अक्षर हाये.”

मी म्हणाले, “नेटवर्कच्या लाइनी, मिस्त्री. नेटवर्कच्या.”

“ऐकलं?” बडेबाबू ओरडले. “वाचता येत नाही, अन् वायरी ओढते!” आणि त्याच कानावर मूठ मारली. कानातून रक्त आलं ते या ठोशाने, आधीच्या थपडेने नाही. मी पाहिलं आहे.

मग मी मेन पाडला, खिडक्या उघडल्या, ऑटो बोलावला, शिपाईमामांना सोबत पाठवलं. सगळं क्रमाने.

यवतमाळच्या डॉक्टरांनी कानाचा पडदा फाटल्याचं सांगितलं. त्या कानाने आता त्याला फार थोडं ऐकू येतं. पोलिसात कोणी गेलं नाही. अध्यक्षांनी लेखी जबाब मागवले. बडेबाबूंनी मिस्त्रीची चूक लिहिली. शिपाईमामांनी ‘अधीक्षक ताईंप्रमाणे’ असं लिहून सही केली. माझा जबाब क्रमांक घालून लिहिलेला होता आणि त्यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं. मेन कोणी वर केला, हे फक्त त्यात नव्हतं. त्या जबाबावर मिस्त्रीला संस्थेची कामं बंद झाली. मग इतर शाळांनीही त्याला बोलावणं सोडलं. “तो मशीन जाळणारा” म्हणतात त्याला.

मशीन दुरुस्त होऊन आल्यावर यवतमाळहून एक माणूस आला. मशीनला मागे नेटची एकच खाच होती. त्याने मध्ये एक डबी ठेवली, दोन नेटवर्क तिच्या दोन वेगळ्या तोंडांना जोडली, आणि चहा गार व्हायच्या आत हात पुसले. बडेबाबूंचे दाखले आता फटाफट निघतात. ते मला रोज नमस्कार करतात.

परवा बाजारात मिस्त्री दिसला. मी हाक मारली, तो वळला नाही. मी त्याच्या कोणत्या बाजूला उभी होते ते घरी आल्यावर लक्षात आलं. की ऐकूनही तो वळला नाही, सांगता येत नाही.

पुरवणी जबाब लिहून झाला आहे: मेन कोणी वर केला, चिठ्ठीत काय लिहिलं होतं, शेवटच्या ठोशाआधी मी काय बोलले. त्यावर सही करून तो अध्यक्षांकडे द्यायचा आहे.