मांडवीत पेटलेलं नाव

नाव पेटलं आन् आख्खी बोट गप झाली. डीजेवाल्यानं बी गाणं बंद केलं. वरच्या मजल्यावर माणसं कठडा धरून उभी, समोर काळ्या पाण्यावर लालभडक अक्षरं. मला वाटलं, लोकांचं भान हरपलं. जत्रंत बी असं व्हतं. नाव झ्याक पेटलं की माणूस घटकाभर बोलायचं इसरतो. म्हून म्या टाळ्या वाजवायला सुरुवात केली. एकटाच वाजवत होतो.

अंकुशराव माझ्या शेजारी आले आन् हळूच म्हणले, "बिभीषण, हे काय लिवलंय?"

"मालक, तुमच्या मंडळींचं नाव."

"कोणच्या भाषेत?"

आता हितं मला जरा मागं जावं लागंल.

आमी तेरखेड्याचे. गावात दारूकाम चालतं. दारू म्हंजी शोभेची, आभाळात उडायची. माझं खास काम पेटतं नाव. बांबूची चौकट करायची. तिच्यावर कामट्या वाकवून अक्षरं बांधायची, एकेक अक्षर माणसाएवढं. कामट्यांवर बोटाएवढ्या कागदी नळ्या बसवायच्या, नळीत रंगाची दारू. सगळ्या नळ्या एका वातीनं जोडायच्या. एका टोकाला काडी लावली की वात सरसर पळती आन् आख्खं नाव एका दमात उजळतं. एक बिडी ओढून व्हईस्तोवर जळतं. मग इझतं. गावोगावच्या जत्रंत देवाचं नाव असं पेटवायचं, ह्येच माझं पोट.

मी शाळेत गेलो न्हाय. अक्षर मला वाचता येत न्हाय, पर वाकवता येतं. माझी बायको कौसा चौथीपतूर शिकलेली. ती अंगणात राखंनं अक्षर काढती, मी त्याच्यावर कामटी धरून वाकवतो. र म्हंजी माझ्या लेखी दांडीला टांगलेला इळा. म म्हंजी पाटाला लावलेलं दार. आजवर किती देवांची नावं पेटवली असतील, एक बी वाचलेलं न्हाय. हे बी मी बोलतोय आन् कौसा लिवतीय. तवा तिच्याबद्दल सगळं चांगलंच आलं तर समजून घ्या.

अंकुशराव परांड्याकडचे कंत्राटदार. सोनारीच्या जत्रंत त्यांनी माझं काळभैरवाचं नाव बघितलं आन् पंधरा दिसांनी गाडी घेऊन दारात आले. च्या पिले, पर उठायचं नाव न्हाय. शेवटी म्हणले, "बिभीषण, देवाचं सोड. आमच्या मंडळींचं नाव पेटवशील का?"

"पेटवू की. काय झालं?"

मग समदं बाहीर आलं. त्यांच्या पोराचं लगीन झालेलं. चौकाचौकात फ्लेक्स लावले. त्यावर आजीमाजी पुढारी, सोसायटीचे चेअरमन, गल्लीतलं मित्रमंडळ, बँडवाला बी हुता. पत्रिकंत तर इतकी नावं की लग्नाचा दिवस शोधावा लागायचा. ऱ्हायली कोण, तर पोराची आई. रत्नमालाबाई. फ्लेक्सवर न्हाय आन् पत्रिकंत बी न्हाय. छापून वाटून झाल्यावर कळलं.

बाई भांडल्या न्हाईत. तेच वाईट झालं. तवापासनं नवऱ्याशी सरळ बोलायचं बंद. च्या झाला की सुनंला म्हणायच्या, "तुझ्या मामंजींना सांग, च्या झालाय." आन् मामंजी समोरच बसलेले.

"लग्नाचा तिसावा वाढदिवस हाय," अंकुशराव म्हणले. "गोव्याला नेतोय समद्यांस्नी. बोटीवर जेवण. पाण्यावर तिचं नाव पेटलं पायजे. फ्लेक्सवर न्हाय मावलं ना, आता आभाळात मावू दे. आन् तुमी बी जोडीनं या जेवायला."

कौसा आतनं ऐकत होती. तिनं लगीच पिशवी भरायला घेतली.

त्या जेवणाला डिनर क्रूझ म्हणत्यात. पणजीला मांडवी नदीत संध्याकाळी बोटीत चढायचं. बोट समुद्राच्या तोंडापतूर जाती. तवर जेवायचं, नाचायचं, आन् परत चढलो तिथंच उतरायचं. कौसा म्हणली, "म्हंजी भाडं देऊन कुठंच जायचं न्हाय."

बोटीच्या मॅनेजरचा आधी फोन आला होता. सामान काय आणणार म्हून इचारत होता. म्या सांगितलं, दारू. तो म्हणला, "दारू आमच्याकडे भरपूर आहे. तुम्ही फक्त फटाके आणा." माणूस पर कामाचा. सरकारी परवानग्या, पाण्याचे पंप, समदं त्यानंच बघितलं. नदीत लांबवर एक सपाट तराफा नांगर टाकून उभा केला. त्याच्यावर आमची चौकट. चौकटीपाशी माझा मेव्हणा दगडू. त्याला म्या बजावलं, "मी बोटीवरनं फोन करतो. उचलू नको. वाजला की पेटव."

आता चौकटीचं तोंड कुणीकडं करायचं? म्या कपाळावर हात धरून बघितलं. बोट धक्क्याला बांधलेली दिसली. केलं तोंड धक्क्याकडं. दोर ताणले, नारळ फोडला, मोकळा झालो. जत्रंत असंच करत्यात. देऊळ जिकडं, तिकडं माणसं; माणसं जिकडं, तिकडं अक्षराचं तोंड. मागं फकस्त आमी, पाण्याच्या बादल्या आन् कुणाची तरी म्हस. म्हशीला नाव कसं बी दिसलं तरी चालतंय.

पर देऊळ जागचं हलत न्हाय. बोट हलती. ती हलून कुठं जाणार, ह्ये म्या इचारलंच न्हाय.

संध्याकाळी आमी बोटीवर चढलो. आत स्वच्छ फरशी, दारात हात जोडून उभी माणसं. मला वाटलं, चपला भाईर काढायच्या. काढल्या धक्क्यावर, शेजारी शेजारी लावून ठिवल्या. आत एकानं भगवं जॅकेट दाखवलं आन् म्हणला, बुडायची येळ आली तर हे घालायचं. म्या म्हणलं, येळ कशाला येऊ द्यायची. आधीच घातलं. बाकी कुणाच्याच अंगात न्हाय. एका बाईनं मला इचारलं, "भैया, पाण्यात कुणी पडलं तर तुम्हीच काढता ना?"

"मला पवता येत न्हाय," म्या खरं ते सांगितलं. त्या बाई कठड्यापासनं लांब जाऊन बसल्या.

खाली डीजे, वर जेवण. ताट हातात धरून उभ्यानं खायाचं. कौसानं सोलकढीचा घोट घेतला, म्हणली, "ताकात कुणीतरी रंग सांडलाय." आन् परत भरून आणली. रत्नमालाबाई एका कोपऱ्यात खुर्चीवर. हिरवं लुगडं, नाकात नथ, तोंड नदीकडं. अंकुशराव तिथंच घुटमळत होते.

"तिला इचार, मासा आणू का," अंकुशराव सुनंला म्हणले.

"सांग, आज गुरुवार हाय," बाई सुनंला म्हणल्या. "तीस वर्सांत एवढं बी ठावं न्हाय."

अंकुशराव माझ्याकडं आले. घाम पुसला. "बिभीषण, समदं तुझ्यावर हाय बग."

"मालक, निवांत जेवा," म्या म्हणलं. माझ्या तोंडात घास होता.

बोट धक्का सोडून निघाली. जाताना आमचा तराफा दिसला. दगडूनं हात केला, म्या बी केला. बोट तशीच म्होरं गेली, पार समुद्राच्या तोंडाला. तिथं जरा हेलकावे बसले. म्या जॅकेटचे बंद आवळले आन् डोळे मिटले. डोळे उघडले तवा बोट माघारी फिरलेली. केक आला. अंकुशरावांनी कापला. बाईंनी सुनंच्या हातनं खाल्ला. मॅनेजरनं मला मानेनं खूण केली. म्या फोन लावला.

आन् नाव पेटलं. कसं म्हणाल? एक नळी सुद्धा फुसकी न्हाय. अक्षरांचा काठ असा रेखीव, की म्या स्वतःच म्हणलं, बिभीषण, असं काम तुझ्या हातनं पुन्यांदा व्हायाचं न्हाय. म्हून टाळ्या.

कौसा माझं जॅकेट ओढाय लागली. "अवं, थांबा. नाव पाठमोरं हाय."

"कुणाला पाठमोरं?"

"आपल्याला. आपुन मागनं बगतोय. म्हस जिथं असती तिथनं."

तवा माझ्या डोस्क्यात परकाश पडला. बोट समुद्राकडनं येत होती. नाव धक्क्याकडं बगत होतं. धक्क्यावर त्या येळंला कोण होतं, तर माझ्या चपला.

मी पळत कप्तानाच्या केबिनीत गेलो. "सायेब, बोट जरा पलीकडनं घ्या."

"घेतो. तुमचं नाव तोवर जळेल का?"

"बिडीभर जळतं."

"मग बिडीच ओढा," तो म्हणला. "ही काय रिक्षा आहे?"

परत वर आलो. रत्नमालाबाई उठून कठड्यापाशी उभ्या होत्या. बराच येळ अक्षरं निरखत होत्या. शिकलेल्या बाई, त्यांच्या ध्यानात आलं होतं. सुनंला म्हणल्या, "तुझ्या मामंजींना सांग, पत्रिकंत नव्हतं तेच बरं हुतं."

अंकुशराव खाली बघत उभे. माझ्याकडं बघितलं पर शिवी बी दिली न्हाय. दिली असती तर बरं वाटलं असतं. मला वाटलं, पाण्यात उडी टाकावी. पर अंगात जॅकेट. बुडता बी आलं नसतं.

र इझाय लागला.

तेवढ्यात सून म्हणली, "आत्याबाई, इझायच्या आत एक सेल्फी तरी घेऊ. इकडं तोंड करा."

"मला न्हाय काढायचा फोटू."

"एकच. माझ्यासाठी."

सुनंनं सासूला खांद्याला धरून वळवलं. दोघींची पाठ नदीकडं, तोंडं फोनकडं. सुनंनं हात लांब केला. बाईंनी नाइलाजानं फोनात बघितलं आन् बगतच ऱ्हायल्या.

"आगं, हितं तर सरळ हाय."

त्या फोनाचं असं असतं, मला मागनं कळलं. सेल्फी काढताना तो आरशावानी दाखवतो. डावं ते उजवं, उलटं ते सुलटं. फोनात बाईंचं तोंड, नथ, आन् डोक्यामागं आभाळात लालभडक, सरळ, काना-मात्रा जागच्या जागी, त्यांचं नाव.

"बगू, बगू," म्हणत कौसा घुसली. मग पोरगा आला. मग पाव्हणे. समद्यांनी आपापले फोन काढले आन् नदीकडं पाठ केली. जन्मात पयल्यांदा माणसं माझ्या कामाकडं पाठ करून खूश झालेली बघितली. खालचा डीजेवाला बी वर येऊन पाठ करून उभा ऱ्हायला.

अंकुशराव एकटेच अजून नदीकडं तोंड करून, इझत्या अक्षराकडं बगत उभे. त आन् न बी चालले होते.

रत्नमालाबाई फोनातनं नजर न काढता म्हणल्या, "अवं, तिकडं काय बगताय? हिकडं या. फोटूत मावा."

सुनंला सांगून न्हाय. सरळ म्हणल्या.

अंकुशराव गेले. उंच माणूस, वाकून उभे ऱ्हायले. सुनंनं बटण दाबलं आन् शेवटचा काना इझला.

मॅनेजर माझ्यापाशी आला. "मामा, सेल्फीसाठी उलटं नाव. काय आयडिया आहे. कुणाची?"

"आमचीच," म्या म्हणलं. कौसाला ठसका लागला. ती म्हणती सोलकढीचा होता.

उतरलो तर चपला तिथंच होत्या. तोंडं बोटीकडं करून, म्या लावल्या तशाच. समद्या पणजीत नाव सरळ बघितलं ते त्यांनीच.

त्या मॅनेजरनं नंतर अजून दोनदा बोलावलं. दोन्ही येळंला नाव मुद्दाम उलटं पायजे म्हणला. उलटं बांधायला कौसा राखंनं उलटं काढती आन् चिडती. मला काय, मला दोन्ही सारखंच.

तेरखेड्याला आल्यावर आठ दिसांनी अंकुशरावांचा फोन आला. "बिभीषण, फोटू मोठा करून घेतला रं. पर छापून आला तर नाव परत उलटं. काढताना सरळ दिसत होतं."

फोन दाखवताना आरसा व्हतो, पर फोटू डोळ्याला दिसतं तसाच ठिवतो, ती भानगड मला तवा काय ठावं? सुचलं ते बोलून गेलो, "मग मालक, आरशात बगा."

ते हसले आन् फोन ठिवला. मला वाटलं, चेष्टा संपली. पुढं सोनारीच्या वाटंवर त्यांच्या घरी च्याला गेलो तर फोटू खोलीत टांगलेला. बैठकीत न्हाय, आत, रत्नमालाबाईंच्या आरशाच्या बरोबर समोर. सकाळी येणी घालाय बसल्या की त्यांना आरशात आपलं तोंड दिसतं आन् मागं सरळ नाव. वाकून उभे ऱ्हायलेले अंकुशराव बी दिसत्यात, पर फ्रेममधी अर्धेच मावलेत.

च्या बाईंनीच आणला. कप ठिवत नवऱ्याला म्हणल्या, "साखर कमी घातलीय. डाक्टरनं सांगितलंय ते इसरू नका."

आता मी काम घेताना पयलं एकच इचारतो. बगणारी माणसं बसून ऱ्हाणार हायती का हिंडणार? बसणार असतील तर चौकटीचं तोंड त्यांच्याकडं. हिंडणार असतील तर कौसाला संगं नेतो.