करणारा माहीत नसेल तर

इंग्रजी माझे यजमान शिकवायचे. माझं आयुष्य वाचनालयात पुस्तकं देण्याघेण्यात गेलं. पण ते गेले तेव्हा त्यांच्या शिकवणीच्या मुलींची दहावीची परीक्षा तोंडावर आली होती, आणि जामखेडात ऐन वेळी दुसरे सर कुठून आणायचे? म्हणून पुढच्या खोलीतला वर्ग मी चालू ठेवला.

त्यांची एक रीत होती. मुली यायच्या आधी ते खोलीतली एखादी वस्तू बदलून ठेवत. कधी कॅलेंडर उलटं, कधी तांब्यावरचं फुलपात्र उताणं. मुलींनी नजर फिरवायची आणि सांगायचं, ‘समबडी हॅज टर्न्ड द कॅलेंडर.’ हॅव किंवा हॅज, त्यापुढे क्रियापदाचं तिसरं रूप. ‘बदल आत्ता डोळ्यांसमोर आहे, म्हणून हे रूप,’ ते समजावत. ‘करणारा माहीत नसेल तर समबडी म्हणा, वाक्य अडत नाही. फक्त काल, परवा असा शब्द घालू नका. वेळ सांगितली की गोष्ट मागं पडली. मग साधा भूतकाळ.’

माझ्या पहिल्या दिवशी मी काहीच बदललं नव्हतं. सुचलंच नव्हतं. मुली सवयीनं उंबऱ्यात थांबल्या.

“समबडी हॅज टर्न्ड द चेअर,” एक म्हणाली.

यजमानांची खुर्ची भिंतीकडे तोंड करून होती.

“मॅडम, लई सोपं दिलंत. सर तर घड्याळाचा काटा हलवायचे.”

“सर हॅव वेन्ट,” दुसरी पुटपुटली आणि तिनं जीभ चावली.

“वेन्ट नाही, गॉन,” मी म्हणाले. “आणि हॅव नाही, हॅज. आपण सर गेलेत म्हणतो ते आदरानं. इंग्रजीत एकटा माणूस एकटाच राहतो. सर हॅज गॉन. म्हणजे गेलेत, अजून परत आले नाहीत.”

तेवढं बोलून मी फळ्याकडे वळले आणि गो, वेन्ट, गॉन लिहीत राहिले.

मग ते होतच राहिलं. कधी खिडकीचा पडदा सरकलेला, कधी डस्टर खुर्चीवर. मुलींना वाटे, मीच करते. मला वाटे, सासूबाई करतात. त्यांचे गुडघे गेलेत, तरी भिंतीला धरून त्या हिंडतात, आणि हा खेळ त्यांनी आतल्या खाटेवरून वर्षानुवर्षं ऐकलेला. शेवटी विचारलं.

“आत्याबाई, खुर्ची तुम्ही फिरवली?”

“मी कशाला? त्यो आलाय.”

आला होता, असं नाही म्हणाल्या. आलाय. म्हणजे आला, आणि आहे. त्या संध्याकाळी पुढच्या खोलीतला दिवा लावायला मी गेले नाही.

हे पारनेरच्या नणंदेच्या कानावर गेलं. फोनवर म्हणाली, “आईला भ्रम झालाय, वहिनी. रविवारी न्यायला येते.”

मी घाबरले. सासूबाई गेल्यावर खुर्ची हलली नाही, तर सारं त्यांचंच होतं असं ठरणार. हलली, तर काय ठरणार? मला दोन्ही नको होतं. त्या घरात असेपर्यंत मला काहीच ठरवावं लागत नव्हतं.

रविवारी सकाळी मी पुढची खोली झाडली, खुर्ची सरळ केली आणि खोलीच्या एकुलत्या दाराला बाहेरून कडी घातली. नणंद सकाळच्या एसटीनंच आली. आम्ही तिघी स्वयंपाकघरात बसलो. चहा झाल्यावर तिनं हळूच विचारलं, “आई, दादा कुठं हाय?”

सासूबाईंनी आधी माझ्याकडे पाहिलं.

“गेला. संक्रांतीच्या आदल्या दिशी गेला. मला ठावं न्हाई व्हय? येडी समजती का मला? आन् पिशवी कुनाची भरलीय ती?”

नणंद रडत रडत हसली. “तुझीच. राहू दे. राहा इथंच, वहिनीपाशी.”

परीक्षेमुळे रविवारीही वर्ग होता. दुपारी मुली आल्या, तेव्हा सासूबाई स्वयंपाकघरातच होत्या, सकाळपासून हललेल्या नव्हत्या. मी जाऊन कडी काढली. मुली उंबऱ्यात थांबल्या. खुर्ची सरळ होती, पडदा जागेवर होता. माझा जीव जरा भांड्यात पडला.

“समबडी हॅज वाइप्ड द बोर्ड,” मागून कुणीतरी म्हणालं.

फळ्यावर आदल्या दिवशी लिहिलेली क्रियापदाची तिन्ही रूपं नव्हती. ओल्या फडक्याचे आडवे पट्टे होते. ते पुसट होत चालले होते, पण अजून वाळले नव्हते. आमच्याकडच्या दुपारी असा फळा बघता बघता वाळतो.

“कुणी पुसला, मॅडम?”

“वाक्य बरोबर आहे,” मी म्हणाले. “लिहून घ्या.”

आतून नणंदेनं हाक मारली, “वहिनी, कोण आलंय?”

मीच उत्तर दिलं. “मुली,” एवढंच म्हणाले. पुढे क्रियापद लावलं नाही.